पिऊन बोलला, म्हणून सोडून दिलं

(कन्नड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'दारू आणि आत्महत्या' हा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारलं, "ताई, स्मृतिदिनाला हे जरा जड नाही का होणार?" होईल. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलोय ते आयुष्यभर याच तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरले. हलका विषय घेतला असता तर त्यांनीच मला खाली बसवलं असतं.

गावात आत्महत्येनं मरण झालं की ओट्यावर पहिला प्रश्न येतो, "काय झालं हो एवढं?" आणि उत्तर येतं, "काही नाही, पीत होता." त्यानंतर कोणी काही विचारत नाही. देणं किती होतं, झोप लागत होती का, गेल्या महिन्यात तो कुणाजवळ काय बोलला, यातलं काही कोणाला जाणून घ्यावंसं वाटत नाही. 'पीत होता' म्हटलं की त्या माणसाचा हिशेब मिटला. सरकारी कागदावरही तेच. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, जबाब होतात, आणि जबाबात कोणीतरी रडतरडत सांगितलेलं असतं की दारूचं व्यसन होतं. शेतकरी असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढं जातं. २००६ पासून पात्र ठरलेल्या प्रकरणात वारसांना एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. जबाबात दारू आली की प्रकरण अपात्रतेकडं झुकतं. म्हणून काही घरांत दारू लपवतात, आणि काही घरांत सगळा दोष एकट्या दारूवर घालून मोकळे होतात. त्या माणसाचं खरं काय झालं ते दोन्हीकडं कळत नाही.

आकड्यांचंही असंच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, देशात सगळ्यांत जास्त. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि दारू व अमली पदार्थांचं व्यसन ६.८ टक्के. ६.८ म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण हा तक्ता भरतात कसा? एका मृत्यूला एकच रकाना. नवरा पितो, घरात मारहाण होते, बायको लेकरं घेऊन माहेरी जाते आणि चार दिवसांत तो जातो. याला कौटुंबिक म्हणायचं की व्यसन? लिव्हर गेलेल्याला आजारपणात टाकायचं का? ठाण्यातला हवालदार त्या रात्री जे लिहील ते. मराठवाड्यात २०२३ साली शेतकऱ्यांच्या १,०८८ आत्महत्या नोंदल्या गेल्या. बीड २६९ वर, त्याखालोखाल आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, १८२. यातले किती पीत होते, किती जण पिणं सोडून घरी बसले होते, हे त्या आकड्यात नाही.

दारूचा आणि आत्महत्येचा संबंध किती, यावर अभ्यासकांचंही एकमत नव्हतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यानं १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं फ्रान्समधल्या दारूचे आणि आत्महत्यांचे नकाशे शेजारी ठेवले आणि सांगितलं की ते जुळत नाहीत. दारू बाजूला ठेवा. आमच्या समाजकार्याच्या वर्गात ते तसंच शिकवलं गेलं. पुढं १९८५ साली सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली, दुकानं आणि वेळा कमी केल्या, तेव्हा दोन वर्षांत पुरुषांच्या आत्महत्या झपाट्यानं उतरल्या. मोहीम ढिली पडली, पुन्हा चढल्या. नकाशावर जे दिसलं नव्हतं ते इथं दिसलं.

आता मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला एसटीसाठी उठावं लागलं तरी हरकत नाही. पिणारा माणूस मरणाचं बोलला तर ते खरं धरा. प्यालेला असताना बोलला तरी खरं धरा. आणि ज्या दिवशी तो पिणं सोडेल, त्या दिवसापासून त्याच्यावर पहिल्यापेक्षा जास्त लक्ष ठेवा. आपण नेमकं उलटं करतो.

उलटं का करतो, ते मला कळतं. घरच्यांना मी दोष देत नाही. तो हे दर पंधरा दिवसांनी बोलतो. क्वार्टरसाठी पैसे दिले नाहीत की बोलतो, बायकोनं शेजाऱ्यांसमोर अपमान केला की बोलतो. दहादा ऐकल्यावर अकराव्यांदा बायको कूस बदलून झोपते. तिला पहाटे पाचला उठून कापूस वेचायला जायचं असतं. शिवाय ती धमकी असतेच. धमकी असते आणि जीवही जातो, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, एवढंच आपल्याला शिकायचंय.

दारू डोक्यात काय करते? हातपाय लटपटतात ते आपल्याला दिसतं. मनातला अडसर निघतो तो दिसत नाही. एरवी 'नको, लेकरं आहेत' म्हणून माणूस स्वतःला थांबवतो. प्याल्यावर विचार आणि कृती यांच्यातलं अंतर काही मिनिटांवर येतं. दुसरी गोष्ट, दारू वर्षानुवर्षं घेतली की ती मनाला आणखी खाली ओढते. झोप तोडते, उदासी वाढवते, आणि ती उदासी घालवायला माणूस पुन्हा पितो. तिसरी गोष्ट संसारातली: देणं, भांडण, भावकीत तोंड दाखवायची चोरी. पिणाऱ्याला लग्नाची पत्रिका येते, पण पंगतीत त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. गोळ्यांचंही तसंच. आपल्या जिल्ह्याच्या शहरात पोरं ज्याला 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या आता तालुक्याच्या ठिकाणीही ऐकू येतात. दारूवर बटन घेतलेल्या पोराला आपण काय करतोय याचं भान राहत नाही. आणि ज्यानं पूर्वी एकदा प्रयत्न केलाय त्याचा धोका सगळ्यांत मोठा. 'एकदा वाचला, आता शहाणा झाला असेल,' हा समज मनातून काढून टाका.

सोडण्याच्या वेळचा धोका वेगळा. आपल्याकडं दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले. गटारीला पोटभर प्यायची आणि श्रावण पाळायचा. आषाढीला माळ घालायची. देवीसमोर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. भाव खरा असतो, मी त्याला हसत नाही. पण रोज सकाळी उठल्याउठल्या ज्याला लागते, त्यानं एका दिवसात बंद केली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं. त्या भीतीत माणूस स्वतःला काहीही करून घेतो. गाव म्हणतं, बाहेरचं झालं. अशा माणसानं डॉक्टरच्या देखरेखीतच सोडायची. माळ घालायची असेल तर जरूर घालावी, दवाखान्यातून आल्यावर. जाताजाता, औट्रम घाटापर्यंत रस्त्याच्या भिंतींवर रंगवलेलं असतं ना, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'? चहातून, भाजीतून गोळी द्यायची. ज्या गोळीवर दारू प्याली की रक्तदाब कोसळतो, ती माणसाला न सांगता देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय पुढं कळलं की तो घरातल्या कोणाच्या हातचं पाणीही घेत नाही. ज्याला आधाराची गरज आहे त्याचा विश्वासच आपण काढून घेतो.

एक घर सांगते. दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्यात, खुणा बदलल्यात, तेव्हा ओळखू पाहू नका. पिशोरच्या बाजूचा माणूस, चाळिशीच्या अलीकडचा. दीड एकर अद्रक. तुम्हाला माहीत आहे, अद्रकीचा भाव एका साली घर बांधून देतो आणि दुसऱ्या साली काढणीची मजुरीही निघू देत नाही. हा पडत्या सालात फसलेला. घरच्यांनी पैसे गोळा करून व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. महिन्या-दीड महिन्यानं आला तो गुटगुटीत होऊन. आईनं ओवाळलं, सरपंचांनी ग्रामसभेत टाळ्या वाजवायला लावल्या. पुढं काय? शुद्धीत आल्यावर त्याला पहिल्यांदा सगळं नीट दिसलं. सोसायटीचं थकलेलं, सावकाराचं वेगळं, भावानं वाटणीत वरचा तुकडा घेतलेला, मुलगी दहावीला. पूर्वी संध्याकाळी सातनंतर हे काही दिसत नव्हतं. आता रात्रभर दिसायचं. महिनाभर त्यानं ते सोसलं. मग एका लग्नात कोणीतरी हात धरला, थोडीशी घे म्हणाला, आणि झालं. दुसऱ्या दिवशी बायको एक शब्द बोलली नाही. हे न बोलणं त्याला फार लागलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. त्या रात्री तो तिला म्हणाला, "आता माझं काही खरं नाही. तू पोरांना घेऊन राहा." तिनं दिराला सांगितलं. दीर म्हणाला, "पिऊन बोलतो, सोड." ती सोडायला तयार झाली नाही. गावातल्या आशाताईकडं गेली, आशाताईनं मला फोन केला.

मी गेले तेव्हा तो बांधावर बसून बियाण्याची अद्रक निवडत होता. सडका भाग चाकूनं काढायचा, चांगला पाटीत टाकायचा. मी समोर बसून दोन-चार गड्डे हातात घेतले. पावसाचं बोलले, मुलीच्या शाळेचं बोलले. मग सरळ विचारलं, "दादा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

त्याचा चाकू थांबला. वर न बघता म्हणाला, "येतो."

"कधी?"

"पहाटं. उतरल्यावर."

"आता पीत नसाल त्या दिवशीही?"

"त्या दिवशी जास्तच."

"कसं करायचं, ते ठरवलंय?"

तो बोलला नाही, पण पत्र्याच्या शेडकडं पाहिलं. फवारणीची औषधं तिथं असायची. मी विचारलं, "आजपासून शेडची किल्ली चुलतभावाकडं ठेवली तर चालेल का तुम्हाला?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, "ठेवा. मलाबी भ्या वाटतं तिकडं जायचं."

यात मी कुठलंही शास्त्र पाजळलं नाही. विचारलं, थांबले, ऐकलं, आणि वस्तू दूर केली. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती अगदी डॉक्टरांनाही असते. यावर जगभर अभ्यास झालेत आणि विचारल्यानं धोका वाढतो असं आढळलेलं नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. फक्त विचारायची रीत पाहिजे. 'तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारू नका. त्यातच 'नाही म्हण' अशी सूचना आहे आणि तो नाही म्हणतो. आणि 'लेकरांकडं बघ' हे वाक्य तर कृपा करून लगेच वापरू नका. लेकरांकडं बघूनच त्याला वाटत असतं की आपण गेलेलं बरं. आधी त्याचं सगळं ऐका, मग लेकरं आपोआप बोलण्यात येतात.

आणि तो आज, आत्ता, टाईट होऊन दारात उभा आहे आणि मरायची भाषा करतोय, तर? त्या वेळी उपदेश नको, हिशेब नको, 'कितीदा सांगितलं' नको. वाद घालून प्यालेल्याला कोणी जिंकलेलं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, फवारणीचं सामान, गाडीची किल्ली हलवायची. जवळचा, ज्याचं तो ऐकतो असा एक माणूस बसवायचा. पाच जणांचा घोळका नको. काही घेतल्याची शंका आली तर वाट न बघता १०८ ला फोन. मीठ-पाणी पाजून उलटी करायच्या भानगडीत पडू नका. इथून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय साठेक किलोमीटर. तेवढ्यात वेळ घालवण्यापेक्षा आधी कन्नडच्या सरकारी दवाखान्यात न्या, पुढचं तिथले डॉक्टर ठरवतील. आणि सकाळी उतरल्यावर त्याला पुन्हा विचारा. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात, दवाखान्यातलेही. 'उतरू द्या, मग बघू,' म्हणतात, आणि उतरल्यावर डिस्चार्ज देतात. नव्वद हा माझा अंदाज आहे, कुठल्या अहवालातला नाही.

पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, 'चुकून झालं' सांगतात, खाजगीत नेतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा, म्हणजे निदान त्यातलं ११५ वं कलम. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. दवाखान्यात नोंद होते, ती नियमाप्रमाणे होणारच. त्यानं माणूस आरोपी होत नाही. याच २०१७ च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणजे कायद्यानं दोन्ही प्रश्न एका घरात आणले. आपण अजून दोन दारं ठेवलीत. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, 'हा डिप्रेशनचा, मानसोपचारवाल्याकडं न्या.' तिकडचे म्हणतात, 'आधी दारू सोडून या.' माणूस मधल्या रस्त्यावर राहतो.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम ज्या माणसांनी मोठं केलं त्यांनी ही दोन दारं मानली नव्हती. डॉ. अनिता अवचट पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या साथीवर त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. सुरुवातच मानसिक आजार आणि व्यसन एका छपराखाली घेऊन झाली. डॉ. अनिता १९९७ साली कर्करोगानं गेल्या. काम पुढं मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळलं. मला तिथली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती पाठपुरावा. बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावणं, गावोगावी त्याच्यासाठी सभा ठेवणं, आणि बायकांसाठी 'सहचरी' गट. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगांमध्येही मुळात हेच आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून राहण्यातून ते निघालं. आपल्या तालुक्यात मात्र केंद्रातून सुटलेला माणूस एसटीतून उतरतो आणि तिथून पुढं त्याचं कोणी नाही.

त्याच्या मागं कोणी राहिलं तर काय फरक पडतो? जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला. ब्राझील, इराण, चीन, श्रीलंका आणि आपलं चेन्नई. आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेले १,८६७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय घरी जाताना तासभर नीट समजावून सांगणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारातल्यांपैकी २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेलेले होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठसठशीत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी नऊ फोन म्हणजे काय खर्च? एका वहीचा. वेळापत्रकात पहिल्या अकरा आठवड्यांत पाच भेटी आहेत, हे बघा. केंद्रातून आलेल्या माणसाचेही हेच आठवडे कठीण असतात. आपण मात्र त्याला दिवाळीला भेटतो.

हे काम पदवीवाल्यांनीच करायला हवं असं नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून एक ते चार बैठकांचं समुपदेशन करून पाहिलं. ३७७ जण होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पीत नव्हते, बाकीच्यांत १८ टक्के. अमरावतीच्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. तिथं गावातल्याच कार्यकर्त्यांनी घराघरांत उदासी, दारू, ताण यावर बोलणं सुरू केलं. दीड वर्षात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, म्हणून मी त्यावर शंभर टक्के भार देत नाही. पण कापसाचा पट्टा, कोरडवाहू जमीन, माणसं, सगळं आपल्यासारखंच आहे. आपल्या राज्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' आहे, मदतीचा १०४ क्रमांक आहे, आशाताई आहेत. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. माणसं आहेत, त्यांना एक वही आणि थोडं प्रशिक्षण द्यायचंय. आशाताईंना या कामाचे पैसेही द्यायला हवेत. सगळं सेवाभावावर ढकलायची आपली सवय मला मान्य नाही.

फवारणीच्या औषधांबद्दल सांगताना संकोच वाटतो, पण टाळता येणार नाही. श्रीलंकेनं १९९५ आणि १९९८ साली सगळ्यांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी तपासलं, दारूची विक्री कमी झाली म्हणून हे झालं का? बेकारी घटली म्हणून? तसं काही सापडलं नाही. माणसं तीच, दुःखं तीच, पण त्या दहा मिनिटांत हाताशी जे होतं ते कमी घातक झालं. आणि ती दहा मिनिटं टळली की बहुतेक माणसं वाचतात. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी गावाचं औषध एका ठिकाणी कुलपात ठेवायची पद्धत करून पाहिली; दोन किल्ल्या, एक शेतकऱ्याकडं, एक सांभाळणाऱ्याकडं. आपल्या सोसायट्यांना, कृषी केंद्रवाल्यांना हे अवघड नाही. निदान ज्या घरात पिणारा आहे त्या घरातलं औषध फवारणीपुरतं आणायचं, उरलेलं घरात, पलंगाखाली, माळ्यावर ठेवायचं नाही, एवढं तरी.

दारूबंदीचा प्रश्न मला नेहमी विचारतात. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बायकांना बरोबर घेऊन लढा दिला, ते काम मोठं आहे. आडवी बाटली करायचा, म्हणजे मतदानानं दुकान बंद करण्याचा हक्क आपल्याकडच्या बायकांनाही आहे, त्यांनी तो वापरावा. माझं म्हणणं एवढंच, की दुकान बंद झालं त्या सकाळी गावात ज्यांचे हात थरथरतायत त्यांची यादी कोणाकडं आहे? ती नसेल तर मोर्चा अर्धाच झाला.

आणि बायका. आपण 'दारू आणि आत्महत्या' म्हटलं की पुरुष डोळ्यांसमोर आणतो. पिणाऱ्याच्या घरात ती जास्त सोसते. मार खाते, मजुरी करते, त्याच्या मागं रात्री शोधायला फिरते, आणि तो गेला तर 'हिनंच सांभाळलं नाही' हे ऐकते. ती कधी मरणाचं बोलली तर तिला वेड्यात काढतात, कारण ती पीत नाही, मग तिला काय झालं? अशा घरी गेलात तर तिलाही वेगळं बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारा, तितकाच सरळ. देशपातळीवरच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना कोण सांभाळतं? त्या बाया. तो तयार नसेल तरी तिनं मदत घ्यायला हरकत नाही. एकट्या बाईच्या बदललेल्या वागण्यानंही घर हलतं.

पिशोरच्या त्या माणसाचं काय झालं, असं कोणीतरी विचारणारच. तो मधूनमधून पितो. पूर्वीपेक्षा कमी. दोनदा फोन करून म्हणाला, "ताई, आज पहाटं लईच झालं," आणि दोन्ही वेळा चुलतभाऊ जाऊन बसला. शेडची किल्ली अजून चुलतभावाकडंच आहे. केंद्राच्या हिशेबानं तो 'फेल' केस आहे, रजिस्टरला पुन्हा सुरू अशी नोंद आहे. मुलगी बारावी झाली. अशी नोंद करणाऱ्या रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना वाढवावा, 'जिवंत आहे का' म्हणून, असं मी एका बैठकीत म्हटलं तर लोक हसले. मी गंमत केली नव्हती.

फोन नंबर लिहून घ्या. टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी १४४४६. रुग्णवाहिका १०८. नऊ भेटींचं वेळापत्रक छापून आणलंय, मागच्या टेबलावर आहे. आशाताईंनी जास्तीच्या प्रती न्या, नागद आणि चिंचोली लिंबाजीकडच्यांनी आधी, त्यांना लांब जायचंय. प्रश्न असतील तर आता घेऊ. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी बाजूच्या खोलीत या. मी आणि दवाखान्यातल्या सिस्टर शेवटची गाडी जाईपर्यंत तिथं आहोत.